बोलून जायची रीत

वर्लीन टिब्सला गप्प माणसांचा मनस्वी राग. उत्तर फिलाडेल्फियातल्या आमच्या गल्लीत रीतच तशी होती. ओळख असो नसो, दाराशी बसलेल्या माणसाला गुड मॉर्निंग म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही. जो न बोलता गेला त्याला घरचं वळण नाही, विषय संपला. वर्लीनच्या लेखी असा माणूस चोर नसला तरी चोराचा भाऊ नक्कीच.

तिचं घर शाळेच्या बाजूच्या फाटकाला लागून. ऐन तरुणपणापासून म्हातारी होईपर्यंत ती त्याच कोपऱ्यावर हातात 'थांबा'ची पाटी घेऊन मुलांना रस्ता ओलांडून देत आली. पोरं मोटारींना भीत नसतील एवढी तिच्या तोंडाला भ्यायची. गुड मॉर्निंग न म्हणणाऱ्याला ती पलीकडे सोडायचीच नाही. "कुणाची गं तू? तोंड घरी विसरलीस, सांगू का आजीला?" असं म्हटलं की तोंड लगेच सापडायचं.

मग मुलं कमी झाली म्हणून शाळा बंद करायचं ठरलं. सभेत लोक घसा फुटेस्तोवर ओरडले, वर्लीन तर सगळ्यांत जास्त. शिक्षण खात्याच्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि शाळेला कुलूप घातलं. खिडक्यांना फळ्या ठोकल्या, आत कबुतरांनी संसार मांडला. त्याच सुमारास वर्लीनचा नवरा गेला, मुलगा नोकरीसाठी अटलांटाला गेला तो तिकडचाच झाला. शेजारची घरं एकेक करून रिकामी पडली. तरी रोज सकाळी ती कॉफीचा मग घेऊन दारापुढच्या पायऱ्यांवर घडीची खुर्ची मांडायची. समोरून जाणारं कुणी नसायचं. एकटेपणाची तिला लाज वाटायची, म्हणून ती तो कुणाला बोलून दाखवत नसे. पण काही दिवस असे जायचे की संध्याकाळी मांजराला हाक मारताना तिला स्वतःचाच आवाज परका वाटायचा.

त्या इमारतीत आता चार्टर शाळा येणार असं कळलं तेव्हा उरलीसुरली गल्ली भडकली. सरकारी पैशावर खाजगी मंडळी शाळा चालवणार. आमची शाळा चालवायला मात्र पैसा नव्हता! समोरचा क्लीव्हन म्हातारा तिला म्हणाला, "ज्यांनी आपलं घर मोडलं, त्यांच्या पाहुण्यांचं तू स्वागत करणार म्हण की."

"पोरं तर येतील ना," वर्लीन म्हणाली. "पोरांनी कुणाचं घोडं मारलंय?"

फळ्या निघाल्या, रंग लागला, दगडात कोरलेल्या जुन्या नावावर नव्या नावाचं फडकं चढलं. पहिल्या दिवशी वर्लीन चर्चला जातानाची निळी टोपी घालून बसली. मुलं आली, एकसारख्या गणवेशात, फुटपाथवर चिकटवलेल्या पिवळ्या पट्टीवरून, एकामागे एक. बरोबर हातात टॅब घेतलेली एक तरुण बाई.

"गुड मॉर्निंग, बाळांनो!"

कुणी हूं की चूं केलं नाही. दुसऱ्या दिवशी तेच, आठवडाभर तेच. कॉफी तिला कडू लागायला लागली. एका सकाळी तिचा तोल गेला आणि रांगेतल्या शेवटच्या मुलीला तिनं खडसावलं. वेण्यांत पांढरे मणी ओवलेली पोर.

"काय गं, जीभ घरी ठेवून आलीस? कुणाची तू?"

मुलीनं बाईंकडे पाहिलं. "गुड मॉर्निंग, मॅम. मी नायला. शेव्हॉनची."

शेव्हॉनची! तिनंच पलीकडे सोडलेल्या पोरीची पोर! त्या दिवशी वर्लीननं स्वतःसाठी मासे तळले. पुढे रोज सकाळी ती हाक घालायची आणि नायला हळूच उत्तर द्यायची. तेवढ्या दोन शब्दांसाठी म्हातारी इस्त्रीचे कपडे घालून बसू लागली.

मग एका रविवारी, चर्च सुटल्यावर, शेव्हॉन दारात आली.

"मिस वर्लीन, ओळखलंत? मला तुम्हीच पलीकडे सोडायचात."

"तुला? तुला तर मी कितीदा मागं पाठवलंय! ये, बस. लेक गुणी आहे हो तुझी. त्या मुक्या कळपात तिला एकटीला वळण आहे."

शेव्हॉन बसली नाही. "त्या वळणानंच घात केलाय. पिवळ्या पट्टीवर पाय पडला की वर्गात जाईपर्यंत शब्द काढायचा नाही, असा नियम आहे त्यांचा. बोललं की बाईंच्या टॅबवर काळी खूण. रोज शाळा सुटल्यावर तिला डांबून ठेवतात. परवा मला कामावरून बोलावून घेतलं. असंच चाललं तर शाळेतून काढून टाकू म्हणाले."

"काढू देत की! शाळा आहे का तुरुंग? हाताची घडी, तोंडावर बोट, तेही रस्त्यावर?"

"आणि घालू कुठं? आपली तर बंद केली ना त्यांनी. प्रवेशाच्या सोडतीत नंबर लागला म्हणून ही तरी मिळाली." शेव्हॉनचा आवाज उतरला. "वाचायला लागलीय ती, मिस वर्लीन. खरंच वाचते."

वर्लीन म्हणाली, "मग तिला सांग ना गप्प राहायला."

"सांगून थकले. म्हणते, मोठं माणूस बोललं तर उत्तर द्यायला नको? मीच शिकवलंय तिला. मला तुम्ही शिकवलंत. ते आता तिच्यातून काढू कसं? म्हणून... तुम्हीच बोलू नका."

सोमवारी रांग यायच्या आधी वर्लीन उठून आत गेली आणि पडद्याआड उभी राहिली. जित्याची खोड तिला ठाऊक होती. दाराशी बसून मुकं राहणं तिला जमलं नसतं. पावलं वाजली. नायला पायऱ्यांशी आली, रिकाम्या खुर्चीकडे पाहून घुटमळली, आणि खुर्चीलाच हळूच म्हणाली, "गुड मॉर्निंग, मिस वर्लीन."

बाईंचं बोट टॅबवर टेकलं.

रांग आत गेल्यावर वर्लीननं बाहेर येऊन खुर्ची मिटली, आत नेली आणि दाराला कडी घातली. मांजर दाराशी ओरडत राहिलं.

दुसऱ्या सकाळी ती पुन्हा पडद्याआड होती. नायलानं मोकळ्या पायऱ्यांकडे पाहिलं, मग दाराकडे. मान खाली घातली आणि ओठ मिटून पट्टीवरून चालत राहिली.

"जा, बाळा," वर्लीन काचेला म्हणाली. न बोलता निघालेलं पोर तिनं जन्मात पहिल्यांदाच पलीकडे सोडलं.