शाळेतला फिलिपिनोचा तास

ॲरिझोनातल्या चँडलरच्या ज्या हायस्कूलमध्ये माझी मुलगी शिकत होती, तिथेच मी विशेष गरजांच्या मुलांच्या वर्गात मदतनीस होते. नवरा चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. त्याच्या व्हिसावर मी नागपूरहून आले आणि काही वर्षं घरात बसून काढली. काम करायची परवानगी आली तेव्हा मिळेल ते धरलं. माझ्या वर्गाच्या मुख्य शिक्षिका फिलिपिन्सच्या होत्या. इथले शिक्षक हे काम फार दिवस टिकवत नाहीत, म्हणून तिकडून शिक्षक ‘आणतात’. हा शब्द माझा नाही, स्टाफरूममधला आहे.

मी त्यांना मनातल्या मनात बाई म्हणायचे. बाई बुटक्या, चष्मेवाल्या, आवाज कधी न चढवणाऱ्या. गावाकडे त्यांनी बरीच वर्षं त्यांची भाषा शिकवली होती. इथे त्यांच्या वाट्याला चमच्यानं जेवायला शिकवणं, बुटाची नाडी बांधायला शिकवणं आलं होतं. त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती.

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत एक मुलगी त्यांच्याकडे आली. इथेच जन्मलेली, आईवडील दोघंही फिलिपिनो नर्स. तिच्या फोनवर आजीचा व्हॉइस मेसेज होता. ती हसत म्हणाली, “काय म्हणतेय बघा ना, मला काही कळत नाही. नेहमीचंच काहीतरी असेल.”

बाईंनी फोन कानाला लावला आणि त्या ताडकन उठल्या. आजी चुकीच्या बसमध्ये बसली होती, कुठल्यातरी अनोळखी स्टॉपवर उतरली होती, आणि समोर काय काय दिसतंय ते एकेक करून सांगत होती. मेसेज सकाळचा होता. बाहेर ॲरिझोनाचं ऊन. आईवडील ड्यूटीवर, त्यांचे फोन लॉकरमध्ये. बाईंनी फोन लावला, आजीला बोलतं ठेवलं, मी ऑफिसात धावले. पोलिसांना आजी सापडली तेव्हा ती शुद्धीवर होती, पण ओठ फुटले होते आणि पायाला फोड आले होते.

ती मुलगी आमच्या वर्गात बसून राहिली. “ती सकाळपासून मला सांगत होती,” एवढंच ती परत परत म्हणत होती.

त्यानंतर बाई प्रिन्सिपलकडे गेल्या. फिलिपिनो भाषेचा एक तास सुरू करू द्या, म्हणाल्या. मुलं जमली तर करा, असं उत्तर आलं. बाईंनी पालकांना फोन केले, चर्चबाहेर उभ्या राहिल्या, किराणा दुकानाच्या दारात उभ्या राहिल्या. पुढच्या वर्षी तास सुरू झाला.

माझी मुलगी त्यात गेली ती केवळ डान्सचा वर्ग भरला होता म्हणून. “आई, धिस इज सो रँडम,” म्हणत पहिला आठवडा तिनं तोंड पाडून काढला. घरात तिचं मराठी म्हणजे ‘हो’, ‘नको’ आणि ‘भूक लागली’. आम्ही मराठीत विचारायचं, तिनं इंग्रजीत उत्तर द्यायचं. याची आम्हाला इतकी सवय झाली होती की दुखायचंही बंद झालं होतं.

एक दिवस जेवताना ती नेहमीच्या इंग्रजीत म्हणाली, “आई, त्यांच्या भाषेत ‘वी’ला दोन शब्द आहेत. तायो म्हणजे तू पण त्यात आहेस. कामी म्हणजे आम्ही, पण तू नाहीस. हाऊ कूल इज दॅट?”

मी पोळी हातातच धरून बसले. म्हटलं, “अगं, आपल्याकडे पण आहेत. आपण आणि आम्ही.”

“व्हॉट?”

“आपण जेवू म्हणजे तुझ्यासकट. आम्ही जेवू म्हणजे तू बस उपाशी.”

ती हसली. मग तिनं माझ्या नवऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “बाबा, यू नेव्हर टोल्ड मी.” नवरा बिचारा काय सांगणार? मासोळीला पाणी म्हणजे काय हे कुणी सांगतं का! पण त्या दिवसापासून तिची चौकशी सुरू झाली. त्यांच्यात शिक्षकाला गुरो म्हणतात, आपल्यात गुरू? चेहऱ्याला मुखा, आपल्यात मुख? मोठ्यांशी बोलताना ते ‘पो’ लावतात, आपण काय लावतो? मी सांगितलं, आपण ‘तुम्ही’ म्हणतो, ‘अहो’ म्हणतो. त्या रविवारी तिनं नागपूरला माझ्या आईला फोनवर विचारलं, “आजी, तुम्ही कशा आहात?” पलीकडून आई म्हणाली, “अगं बाई, मला अहोजाहो कशाला? तू म्हण मला.” आणि रडायला लागली.

आम्ही तिला कित्येक रविवार मराठी शाळेत नेऊन सोडलं होतं, तिथे हे घडलं नव्हतं. ते घडवलं एका परक्या बाईनं, परक्या भाषेनं.

वसंतात बातमी आली की तास बंद करायचा विचार आहे. त्या जागी कोडिंगचा आणखी एक वर्ग हवा, अशी पालकांची मागणी होती. स्कूल बोर्डाच्या सभेत ज्यांना बोलायचं त्यांनी यावं, असं पत्रक निघालं. बाई मला म्हणाल्या, “मी नोकर आहे, मी बोलून उपयोग नाही. पालक बोलले तर ऐकतील.” मी म्हटलं, मी येते.

संध्याकाळची सभा. खुर्च्या भरलेल्या. सगळ्यात आधी उठला तो त्या मुलीचा बाप, आजी हरवली होती तिचा. मी बाईंकडे बघून मान हलवली, आता हा सांगेल. तो इस्त्रीच्या शर्टात, शांतपणे बोलला. म्हणाला, “आम्ही घरात आमची भाषा मुद्दाम बंद केली, मुलांच्या इंग्रजीला तिचा वास लागू नये म्हणून. त्या तासाचा माझ्या मुलीला कॉलेजात काही उपयोग नाही. कोडिंगचा आहे.”

माझ्या शेजारी बसलेल्या एका गोऱ्या बाईनं टाळ्या वाजवल्या. बाईंनी पर्सचा बंद दोन्ही हातांनी धरला होता. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

मग आमचे काका उठले. काका म्हणजे इथल्या मराठी मंडळाचे आधारस्तंभ, मूळचे पुण्याचे. रविवारची मराठी शाळा तेच चालवतात. मराठीला हायस्कूलमध्ये क्रेडिट मिळावं म्हणून दारोदार सह्या गोळा करणारेही तेच. मातृभाषेवर त्यांचं भाषण दर गणपतीत ठरलेलं. ते आपल्या बाजूनं बोलणार याबद्दल मला शंकाच नव्हती.

काका अस्खलित इंग्रजीत म्हणाले, “शाळेकडे साधनं मर्यादित आहेत. अशा वेळी भाषा निवडताना तिचं साहित्य, तिची परंपरा, तिची जागतिक गरज बघावी. घरगुती बोली घरी शिकाव्यात.” आणि ते बसले.

मग माझी पाळी आली. मी आजीची गोष्ट सांगितली नाही, तिचा मुलगा समोर बसला होता. मी माझ्या मुलीबद्दल सांगितलं, दोन ‘वी’बद्दल सांगितलं, माझ्या आईच्या फोनबद्दल सांगायला सुरुवात केली आणि वेळ संपल्याचा बझर वाजला. बोर्डाचे एक सभासद हसून म्हणाले, “व्हेरी इंटरेस्टिंग.” पुढचं नाव पुकारलं गेलं.

पार्किंगमध्ये मी काकांना गाठलं. “काका, हे काय केलंत तुम्ही?”

“अगं, तू इमोशनल होतेस. मला आतून कळलंय, बोर्ड एका वेळी एकच छोटी भाषा ठेवणार. त्यांची गेली की आपली घुसवता येईल. स्ट्रॅटेजी आहे ही, यार.”

“आणि बाई? त्यांचा काय दोष?”

“त्यांचं काय, त्यांचा व्हिसा तसाही संपतोय.” त्यांनी गाडीचं दार उघडलं. स्वतःचं ग्रीन कार्ड येईस्तोवर ज्यांनी अर्धं आयुष्य धाकात काढलं, त्या माणसाचं हे वाक्य.

तास बंद झाला. कोडिंगचा वर्ग आला. मराठीच्या अर्जाला ‘सध्या नवीन भाषांचा विचार नाही’ असं दोन ओळींचं उत्तर आलं. काकांचा डाव फसला म्हणून मला आनंद व्हायला हवा होता, झाला नाही. आमचंच नुकसान, त्यात कसला आनंद?

शाळा सुटल्यावर जूनमध्ये बाई परत निघाल्या. मी त्यांना विमानतळावर सोडायला गेले. सामान दोन बॅगा, त्यातली एक पुस्तकांनी जड झालेली. मी विचारलं, “तिकडे गेल्यावर परत तुमची भाषा शिकवणार ना?”

“नाही,” त्या म्हणाल्या. “तिकडच्या खाजगी शाळांना आता अमेरिकेचा अनुभव असलेल्या इंग्रजीच्या शिक्षिका हव्या आहेत. मला जागा मिळाली आहे.” हे त्यांनी अगदी साधेपणानं सांगितलं. माझा दंड धरून त्या क्षणभर उभ्या राहिल्या आणि आत गेल्या.

माझी मुलगी आता कोडिंगला जाते. चांगले मार्क पडतात. नागपूरला फोन लावला की थोडं मराठी बोलते, पण नवा शब्द विचारायला आता येत नाही. मीच सुचवला तर म्हणते, “लेटर, आई.”

ऑगस्टमध्ये काकांचा फोन आला. आवाजात नेहमीचा उत्साह. मराठी शाळेला मंदिरातली जागा पुरत नाही, म्हणाले. “तू तिथेच काम करतेस ना? त्या फिलिपिनो मॅडमची खोली रविवारी रिकामीच असेल. जरा विचारून बघ ना.”

“तुम्हीच विचारा, काका,” मी म्हटलं. “तुमचं इंग्रजी छान आहे.”

त्यांना ते कौतुक वाटलं. ते हसले आणि म्हणाले, “बरं, बरं, मीच करतो ईमेल.”