तिसऱ्या रांगेतल्या बारा खुर्च्या

गेल्या रविवारी आमच्या संगीत नाटकाचा वार्षिक प्रयोग झाला. दुपारी चारचा... म्हणजे गावाकडून येणाऱ्यांना परतीची शेवटची एस.टी. मिळते. प्रयोग उत्तम झाला, हे मी आधीच सांगून टाकते. पण मला लिहायचंय ते वेगळ्याच गोष्टीबद्दल.

आमचं मंडळ शिवाजी पेठेतलं, हौशी. कोणी बँकेत, कोणी शाळेत, कोणाचं दुकान. हॉलचं भाडं, ऑर्गन, तबला, रंगभूषा, सगळं तिकिटांतूनच निघायला हवं. म्हणून प्रत्येक कलाकाराला पंचवीस तिकिटांचं एक पुस्तक मिळतं... विका आणि पैसे आणून द्या. मी मंडळात आले तेव्हा तिकीट पंधरा रुपये होतं, आता साठ आहे.

आता कबुली. सोळा वर्षांत मी दरवर्षी जेमतेम पाच-सहा तिकिटं विकली. उरलेली स्वतःच विकत घ्यायची, छापलेल्या किमतीवर पेनने ‘सप्रेम’ लिहायची आणि ऑफिसात वाटून टाकायची. सगळ्यांना वाटायचं, पास आहेत.

असं का? माझं गाणं ऐकायला पैसे द्या, हे माझ्या तोंडातून निघायचंच नाही. मी चांगली गाते, हे मला माहीत आहे. तरीही निघायचं नाही... मंडळाचे पैसे बुडत नव्हते, त्यामुळे यात काही चुकतंय असं कधी वाटलं नाही. उलट थोडा मोठेपणाच वाटायचा.

तर रविवारी. दोन घंटा झाल्या होत्या. नांदीसाठी आम्ही सगळे रंगून, नटून उभे. मी सवयीने पडद्याच्या फटीतून पाहिलं. हॉल भरलेला... आणि तिसऱ्या रांगेत सलग बारा खुर्च्या रिकाम्या. कोणाच्या, हे मला बघताक्षणी कळलं.

तेवढ्यात बाहेरून मोठमोठ्याने आवाज आले. आमचे अण्णा, म्हणजे मंडळाचे अध्यक्ष, तिसऱ्या घंटेपर्यंत स्वतः तिकीट खिडकीवर बसतात. मी नऊवारी सावरत बाजूच्या दाराने तिकडे गेले.

खिडकीपुढे साठीचे एक गृहस्थ आणि त्यांची बायको. कोडोलीहून आलेले. काकू आयुष्यभर रेडिओवर नाट्यगीतं ऐकत आल्या होत्या, नाटक मात्र एकदाही बघितलं नव्हतं. खिडकीवर ‘हाऊसफुल्ल’चा लाल बोर्ड.

‘‘पावणं, तिकिटं संपली की. किती येळा सांगू?’’ अण्णा.

‘‘आन् दारातनं मोकळ्या खुर्च्या दिसत्यात त्या कशाच्या? शोभेच्या व्हय?’’ काका.

अण्णांनी नुसतं लाल बोर्डाकडे बोट दाखवलं. उत्तर माझ्याकडे होतं... मी म्हटलं, ‘‘काका, त्या जागा माझ्या लोकांच्या आहेत, ते येणार नाहीत. तुम्ही दोघं बसा. पैसे नकोत.’’

मला वाटलं, विषय संपला. पण काकूंनी माझ्याकडे नथीपासून पायापर्यंत पाहिलं. ‘‘फुकट नगं, बाई. फुकट बसलं की मधनंच उठून जायाला बी हुतंय. आमास्नी शेवटपत्तूर बसायचंय.’’

आणि काकांनी एकशेवीस रुपये माझ्या हातावर ठेवले. रंग लावलेल्या हातावर... तिसरी घंटा झाली, मी नोटा कमरेला खोचल्या आणि नांदीला धावले.

दुसऱ्या अंकात माझं मोठं पद आहे. आमच्याकडे ‘वन्स मोअर’ कोणी द्यायचा, हेसुद्धा बऱ्याचदा घरच्या मंडळींत ठरलेलं असतं. यंदा ते ओरडायच्या आधीच तिसऱ्या रांगेतून बाईचा खणखणीत आवाज आला... ‘‘परत म्हणा की ओ, बाई!’’

हॉल हसला. मी हसले नाही, परत म्हटलं. तालमीत भीतीने सोडून दिलेली तान त्या वेळी घेतली आणि ती बरोबर समेवर आली.

प्रयोगानंतर ते एकशेवीस रुपये अण्णांपुढे ठेवले आणि सोळा वर्षांचं सगळं सांगितलं. एकाच खुर्चीचे दोनदा पैसे घेतले, हे बरोबर की चूक, मला अजून नक्की ठरवता येत नाही. पण खरी चूक ती नव्हती. विकत घ्यायला आलेल्या माणसाला मी दारात उभं केलं आणि ज्यांना यायचंच नव्हतं त्यांच्यासाठी खुर्च्या धरून ठेवल्या... सोळा वर्षांत असे किती जण परत गेले असतील?

अण्णा रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग हळूच म्हणाले, ‘‘माझी बी धा असत्यात गं, दरवर्षी.’’ मागे ऑर्गनवाले काका खोकले. त्यांची पंधरा निघाली!

म्हणजे तो लाल बोर्ड दरवर्षी आम्हीच विकत घेत होतो...

सोमवारी ऑफिसात देसाई मॅडम म्हणाल्या, ‘‘अगं, मॅच होती ना! आणि पासच तर होता.’’ मी म्हटलं, पुढच्या वर्षी पास नाही, शंभर रुपये तिकीट आहे. इतकं सरळ वाक्य मी पहिल्यांदाच बोलले. त्या म्हणाल्या, बघू. बघू तर बघू.

पुस्तकं वाटायची नाहीत, तिकीट साठाचं शंभर करायचं आणि फक्त खिडकीवर विकायचं, असं आम्ही ठरवलंय. कदाचित पुढच्या वर्षी अर्धा हॉल रिकामा असेल. असू दे. निदान रिकामी खुर्ची रिकामी आहे, हे तरी खरं असेल.

त्या दोघांचं नाव विचारायचं राहून गेलं. शेवटची गाडी गाठायला ते पडदा पडताच निघाले... पडल्यावर, आधी नाही. हे कोडोलीतलं कोणी वाचत असेल, तर काकूंना माझा एवढा निरोप द्या...

काकू, पुढच्या वर्षी नक्की या. पास मिळणार नाही.