ओल्या पायांची बाई

मुलांना घाबरवणं हा माझा धंदा. एखाद्या लग्नात कोणी विचारलं, "तुम्ही काय करता?" आणि मी म्हटलं, "मुलांसाठी भुताच्या गोष्टी लिहिते," की समोरची बाई आपलं पोर हळूच मागे ओढून घेते. ओढ बाई, ओढ. थोड्या वेळाने तेच पोर हातात जिलेबी घेऊन मला कोपऱ्यात गाठतं आणि विचारतं, "मावशी, मग ते भूत पुढे काय करतं?" इतकी वर्षं लिहितेय, पण मोठ्यांचं मागे ओढणं आणि पोरांचं पुढे येणं काही बदललेलं नाही.

खरं सांगायचं तर माझं सगळ्यात गाजलेलं भूत माझं नाहीच. ते माझ्या आईचं. ओल्या पायांची बाई. तिच्यावर माझं पहिलं पुस्तक निघालं आणि पुढची सगळी पुस्तकं तिच्याच जोरावर चालली.

आमचं घर सातपाटीत, बंदराजवळ. बाबा बोटीवर. बोट एकदा पाण्यात गेली की काही दिवस त्यांचं तोंड दिसायचं नाही. आई पहाटे बंदरावर मासळी घ्यायची, पाटी उचलायची, एसटीने पालघर आणि तिथून बोईसरचा बाजार. ती परत येईस्तोवर दुपार टळायची. तोवर घरात मी आणि माझा धाकटा भाऊ. अंगणात बांबूंवर जबड्यात जबडा अडकवून बोंबील वाळत टांगलेले असायचे, ते राखायचे. कावळे हाकायचे, मांजरावर डोळा ठेवायचा आणि पाण्याकडे अजिबात फिरकायचं नाही. आमच्या आळीत घरोघरी हेच. बाप समुद्रावर, आई बाजारात, दुपारपर्यंत सगळा कारभार पोरांच्या हातात.

त्या ओल्या पायांच्या बाईची गोष्ट आई चुलीपाशी बसून सांगायची.

"भरतीचं पानी चढलं का ती वर येते. हिरवं लुगडं, मोकळे केस, पाय ओले. कितीबी चालली तरी पाय सुकत नाय. दारात उबी ऱ्हाते आन गोड आवाजात इचारते, 'पोरी, तुजी आई कुटं हाय?'"

"मग?"

"मग काय! बाजारला गेली बोललीस का गेलीस. गप बसलीस तरी गेलीस. हात धरते आन घेऊन जाते. येकच उत्तर हाय. 'आई घरात हाय, चूल पेटवते.' येवढं आयकलं का ती मागं फिरते."

हे उत्तर ती आमच्याकडून पाठ करून घ्यायची. पाढे नाही आले तरी चालायचे, हे आलंच पाहिजे. भाऊ तोंडात घास असताना म्हणून दाखवायचा आणि भाताची शितं माझ्या अंगावर उडवायचा.

एकदा टळटळीत दुपारी दारात एक माणूस येऊन उभा राहिला. आमच्या गावचा नव्हे. हातात पिशवी, चेहऱ्यावर हसू. भावाला म्हणाला, "काय रे, आई कुठे आहे तुझी?" भावाने तोंड उघडलं, "बाज..." एवढंच बोलला असेल, मी त्याच्या दंडाला असा चिमटा काढला की तो किंचाळलाच. मग मीच छाती पुढे काढून ओरडले, "आई घरात हाय, चूल पेटवते!" त्या माणसाने आत डोकावून बघितलं, जरा घुटमळला आणि निघून गेला. मी त्याचे पाय बघून घेतले होते. कोरडे खडखडीत, वर मोजे. माझा तर गोंधळच उडाला. पाय ओले नाहीत, मग हा मागे फिरला कसा?

आई आल्यावर आम्ही दोघांनी एकदम सांगायला सुरुवात केली. माझी शेखी, भावाचा दंड. तिने ऐकता ऐकता पाटी खाली ठेवली, उंबऱ्यावरच बसली आणि आम्हाला इतकं घट्ट आवळलं की भाऊ म्हणाला, "आई, खवला डोळ्यात गेला." त्या दिवशी आम्हाला सुरमईची तुकडी मिळाली, एवढंच मला तेव्हा लक्षात राहिलं.

पुढे मला स्वतःला मूल झालं आणि त्याला शेजारी ठेवून पाच मिनिटं दुकानात जातानाही मी दहादा मागे वळून बघायला लागले, तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. कुलूप लावावं तर पोरं आत कोंडलेली, न लावावं तर घर उघडं. आईने करावं काय? तिने दारात ती बाई उभी केली. रोज घरात नसलेल्या आईने पोरांना शिकवलं होतं, आई घरात आहे म्हणा.

लग्न होऊन मी बोईसरला आले. नवरा कारखान्यात, शिफ्ट बदलती. तो दिवसा झोपला की मी स्वयंपाकघरात दार लोटून लिहायची. पहिली गोष्ट एका दिवाळी अंकाला पाठवली तर संपादकांचा फोन आला, "बाई, मुलांना घाबरवायचं कशाला? पऱ्यांचं काही असेल तर बघा." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "साहेब, आमच्या बंदरावर पऱ्या कधी उतरल्या नाहीत. तुमच्याकडे उतरत असतील तर तुम्हीच लिहा." फोन आपटला. पुढच्या वर्षी दुसऱ्या अंकाने तीच गोष्ट छापली आणि पोरांची पत्रं आली ती थांबेचनात.

पण छापायच्या आधी गोष्ट पास व्हायची ती सातपाटीला. नवीन गोष्ट झाली की मी आईकडे जायची. ती विळीवर मासे कापायला बसलेली, मी समोर पाटावर. मी वाचायची, ती कापायची. नुसतं "हं, मग?" म्हणत हात चालू राहिला तर गोष्ट नापास, घरी जा आणि परत लिहा. विळी थांबली तर पास. विळी थांबून तिने मान वर केली तर त्या गोष्टीला मरण नाही. तिचं दुसरं म्हणणं शेवटच्या पानाबद्दल. "वाट्टेल तेवडं भिवव पोरांना. पन शेवटाला आई घरी आली पायजे. पोराला दारात उबं सोडून गोष्ट संपवलीस तर थोबाड फोडीन." माझ्या एकाही पुस्तकात पोर दारात उभं राहिलेलं नाही. समीक्षक म्हणतात, शेवट फार गोड असतो. म्हणू देत.

बाजारात मात्र ती माझी यथेच्छ थट्टा करायची. गिऱ्हाइकाच्या पिशवीत कोलंबी टाकता टाकता सांगायची, "पोरांना भिववून जेवते माजी लेक! मी मासं इकते, ती भुतं इकते." आणि शेजारणीला डोळा मारायची.

बाबा गेले, भावाने बोट घेतली, वहिनीने पाटी घेतली. आई घरी बसली आणि विसरायला लागली. आधी कालवणात दोनदा मीठ. मग शेजारणींची नावं. मग एके सकाळी रिकामी पाटी घेऊन एसटीत चढली आणि पालघरच्या स्टँडवर कुठे जायचं ते न कळून रडत उभी राहिली. ओळखीच्या एका बाईने परत आणून सोडली. भाऊ मला म्हणाला, "ताई, दिवसाचं घरात कोन नाय ग. मी बोटीवर, ही बाजारला. तिला एकटी कशी ठेवायची?" मी म्हटलं, "दे माझ्याकडे." त्या घराचं हे दुखणं तर जुनंच होतं.

डॉक्टरांनी सांगितलं, हे वाढतच जाणार. मी ऐकून घेतलं. पण मनात एकच धरून बसले होते. आई, तू बोईसर विसर, माझी पुस्तकं विसर, बाबा गेलेत हेसुद्धा विसरलीस तर बरंच. फक्त मला विसरू नकोस. सकाळी चहा देताना मी रोज विचारायची, "मी कोण ग?" सुरुवातीला ती चिडायची, "येड लागलं का तुला?" मला त्या शिवीने दिवसभर बरं वाटायचं. मग ती नुसती हसायला लागली, आणि पुढे पुढे कपातच बघत राहायची.

आणि एक दिवस मी आंघोळ करून बाहेर आले. ओल्या पायांनी तशीच फरशीवरून स्वयंपाकघरात गेले. आई पाटावर बसली होती. तिची नजर माझ्या पायांवर गेली आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. ती सरकत सरकत भिंतीला जाऊन चिकटली.

"आई, अग मी आहे."

"आई घरात हाय!" ती ओरडली. "चूल पेटवते! आई घरात हाय!"

मी एक पाऊल पुढे टाकलं तर ती लहान मुलीसारखी हमसून रडायला लागली, रडत रडत तेच म्हणत राहिली. मी थांबले. हे ऐकलं की त्या बाईने मागे फिरायचं असतं. नियम आम्हा दोघींना पाठ होता. मी वळले आणि गॅलरीत जाऊन पाय सुकेपर्यंत उभी राहिले. आतलं रडणं हळूहळू थांबलं. उत्तर लागू पडलं होतं. समोरच्या फ्लॅटमधली बाई आवाज ऐकून धावत आली. "क्या हुआ दीदी? माँजी किससे डर गईं?"

"मुझसे," मी म्हटलं.

तेव्हापासून बाथरूमच्या दाराशी जुनं लुगडं अंथरून ठेवलंय. पाय, टाचा, बोटांच्या फटीसुद्धा पुसल्याशिवाय मी बाहेर पाऊल टाकत नाही. प्रकाशकांचा फोन आला, नवीन पुस्तकाचं काय? म्हटलं, जमत नाही. ते म्हणाले, मुलं वाट बघतायत. बघू देत. माझ्या घरात एक मूल घाबरून बसलंय, त्याला मी आधी काय सांगू? साऱ्या जिल्ह्यातल्या पोरांना भिववून परत शांत झोपवणारी मी, माझ्या आईसमोर माझं काही म्हणता काही चालत नव्हतं. काळीज तुटायचं माझं. राग यायचा. तिचा नाही, त्या हिरव्या लुगड्यातल्या बाईचा. सगळं सगळं विसरली आई, मग हिलाच कशी नाही विसरली?

गेल्या आठवड्यातली दुपार. दारावर ताजे बोंबील आले होते, ते घेतले. तिच्या हाताला काम असलं की ती शांत असते. विळी मांडून दिली, पाण्याचं भांडं ठेवलं. हात सगळं जाणतात अजून. डोकं उडव, पोट साफ कर, पाण्यात बुडव. मी समोर बसले आणि काय वाटलं कोण जाणे, कपाटातून पहिलं पुस्तक काढून वाचायला लागले. सगळे आवाज काढले, जिथे थांबायचं तिथे थांबले. तिचा हात चालूच. एकदाही "हं, मग?" नाही. शेवटचं पान आलं, आई घरी आली, दिवा लागला. विळी चालूच. मी पुस्तक मिटलं आणि मला एकदम रडू फुटलं. तोंड दाबायलाही वेळ मिळाला नाही.

विळी थांबली.

आईने मान वर केली. माझ्याकडे बघितलं, नीट, खालपासून वरपर्यंत. चेहऱ्यावर भीती नव्हती. मग गोड आवाजात, किती दिवसांनी ऐकला तो आवाज, तिने विचारलं, "पोरी, तुजी आई कुटं हाय?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. जन्मभर घोकलेलं. म्हटलं असतं तर ती मान खाली घालून परत बोंबलांकडे वळली असती, आणि मी परत तिची कोणीच उरले नसते. गप बसलं तर काय होतं तेही मला माहीत होतं.

मी गप बसले.

आईने विळी बाजूला सारली. गुडघ्यावर हात देऊन उठली, माझ्याजवळ आली आणि माझा हात धरला. तिचा हात ओला होता, मासळीच्या वासाचा. "चल," ती म्हणाली, "आपुन सोदू तिला." आणि आम्ही दोघी घरभर माझ्या आईला शोधत फिरलो. बेडरूममध्ये बघितलं, दारामागे बघितलं, गॅलरीत जाऊन खाली वाकून बघितलं. प्रत्येक ठिकाणी ती माझा हात जरा जास्त घट्ट धरायची. सगळं घर बघून झाल्यावर तिने पदराने माझे डोळे पुसले.

"रडू नको," ती म्हणाली. "बाजारला गेली आसंल. येल आता."