कावळ्याच्या वाटचा भात

"ही तोंडातून शब्द काढत नाही, तिकडे कसं व्हायचं हिचं?" विमानतळावर ट्रॉलीमागे मामी आईला विचारत होती.

"वेळ आली की बोलेल," आई म्हणाली. ऐकलंच नाही असं दाखवत मी पासपोर्ट पुन्हा तपासला.

त्याला दोन वर्षं झाली. इंग्लंडात बेसिंगस्टोकला मी एका मराठी काकूंच्या घरी वरच्या खोलीत राहते. काकूंचा लॉनवर जीव, आणि शेजारच्या जोनवर. दर रविवारी दोघींचा चहा ठरलेला.

सप्टेंबरात बाबांच्या तिथीला मी वर्क फ्रॉम होम घेतलं, वरणभात केला आणि पान लॉनच्या कडेला, हेजच्या झुडपांपाशी ठेवलं. कावळे समोरच्या छपरावर होते. एकही खाली आला नाही. पुण्यात असं झालं की आईचा चेहरा उतरायचा, म्हणून तिला सांगितलं नाही.

संध्याकाळी उजेड होता तेव्हाच हेजखालून एक बुटका, रुंद, राखाडी प्राणी आला. पांढऱ्या तोंडावर, डोळ्यांवरून गेलेले दोन काळे पट्टे. मान वर न करता त्याने सगळा भात मचमच खाल्ला. मी आईला फोटो पाठवला.

"स्कंक आहे का गं? घाण फवारा मारतो तो. लांब राहा."

स्कंकचे पट्टे पाठीवर असतात, शेपूट झुपकेदार असते. हा बॅजर आहे, असं मी लिहिलं. काय खातोय ते लिहिलं नाही.

मग मी रोज मूठभर भात जास्त लावू लागले. तो रोज त्याच वाटेने यायचा. एकदा हनुवटीखाली वाळलं गवत धरून उलट्या पावलांनी बिळाकडे ओढत नेताना दिसला. दिवाळीआधी आमच्या गाद्या गच्चीवर जायच्या, ते आठवलं. घर म्हणजे काय, मला नीट सांगता येत नाही. पण त्या मूठभर भातानंतर परत जायचे दिवस मोजणं सुटलं.

तो जाताना किड्यांसाठी लॉन उकरायचा. "जोन पक्ष्यांना दाणे घालते ना, त्यानेच सवय लागली मेल्याला," काकू म्हणाल्या आणि रविवारचा चहा बंद केला. दोन रविवार मी गप्प बसले.

तिसऱ्या रविवारी जोन भांड्यात सफरचंदाचं गोड ॲपल क्रम्बल घेऊन दारात आली. काकूंनी तिला आत या म्हटलं नाही, दाण्यांचं तेवढं ऐकवलं. दाण्यांचा फीडर जूनपासून शेडमध्ये पडून आहे, जोन हळूच म्हणाली. तिच्या हातातलं भांडं तसंच होतं.

"मग कोण घालतं त्याला खायला?" काकूंनी मराठीतच विचारलं, कुणाकडेच न बघता.

मी जिन्यावर होते.

"मी घालते, काकू. बाबांचा भात होता. कावळा आलाच नाही."