स्कूटर गेली, नवरा राहिला

सुचेता साठ्येने नवऱ्याला मोटरवेवर उतरवून दिलं, ही बातमी लंडनजवळच्या आमच्या स्लाऊमध्ये पोचली तेव्हा मी पोहे खात होतो. खोटं कशाला बोलू, पोहे एकदम चविष्ट लागायला लागले.

बातमी आणली स्टॅनमोरच्या यमुनाताईंनी. त्या कार्डिफहून परत येताना एम-फोर मोटरवेवरच्या एका सर्व्हिसेसमध्ये, म्हणजे खाण्यापिण्याच्या थांब्यावर, चहाला थांबल्या होत्या. फोनवर त्यांचा आवाज नुसता उकळत होता.

"नंदू, अरे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं! जयंता बाहेरच्या बाकावर बसलेला. मांडीवर प्रेशर कुकर, शेजारी पिठाची गोण. आणि ही बया त्याच्यासमोरून ते चाकांचं घर घेऊन निघून गेली. मागे वळून बघितलंन् नाही रे! आणि घराच्या मागे ती हिरवी स्कूटर कशी छान बांधलेली, लेकरासारखी. स्कूटर नेली, नवरा ठेवला!"

"भांडण झालं असेल."

"भांडणात कुकर कोण देतं?"

हा मुद्दा बिनतोड होता. आठवडाभरात हॅरोपर्यंत पोचता पोचता त्या कहाणीत एक वेल्समन शिरला, कारण गाडीत म्हणे दोन हेल्मेटं दिसली होती. पुढे त्या वेल्समनला मिशाही फुटल्या. कोणी लावल्या ते विचारू नका.

आता ही सुचेता कोण, ते सांगतो.

नागपूरची. धरमपेठेत वडिलांचं औषधांचं दुकान. कॉलेजात असताना सीताबर्डीच्या गर्दीतून वडिलांची स्कूटर घेऊन दुकानाच्या ऑर्डरी पोचवायची. लग्न झालं पुण्याच्या जयंताशी, आणि अठ्ठ्याण्णव साली त्याच्या सॉफ्टवेअरच्या नोकरीपायी दोघं इकडे इंग्लंडला आले. इथल्या परीक्षा देऊन ती फार्मासिस्ट झाली. मुलगी स्वराली मँचेस्टरला युनिव्हर्सिटीत गेली, घर रिकामं झालं, तेव्हा सुचेताने पक्की नोकरी सोडून लोकमची कामं धरली. म्हणजे कुठल्या गावचा फार्मासिस्ट रजेवर गेला की त्याच्या जागी आठवडा-दोन आठवडे उभं राहायचं. फार्मासिस्ट हजर नसेल तर इथे दुकानातून चिठ्ठीवरची एक गोळी देता येत नाही. त्यामुळे लांबच्या गावांतून तिला फार मागणी.

राहायचं कुठे? बी अँड बी, म्हणजे नाश्त्यासकट भाड्याची खोली, तिला दोन दिवसांत नकोसं झालं. "काकाजी, सकाळी सकाळी त्या थंड टोस्टकडे पाहून मला रडू येते ना!" मग तिने रेडिंगच्या एका म्हाताऱ्या जोडप्याकडून जुनं मोटरहोम घेतलं. पलंग, शेगडी, सिंक, सगळं आत. कॅम्पसाइटवर लावायचं, पोळ्या लाटायच्या, कामाला जायचं.

पण कामाला जायचं कशाने? पहिल्या वेळी ती वेल्समधल्या एका गावात हे घरच घेऊन दुकानाकडे निघाली. दोन दगडी भिंतींच्या मधली गल्ली, समोरून दुधाचा टँकर. घर अडकलं. अर्धं गाव बाहेर आलं, कोणी मागे घे म्हणे, कोणी आरसे मीट म्हणे, एक आजी तर चहा घेऊन आली. त्या दिवशी दुकान दुपारी उघडलं. एजन्सीच्या बाईने फोनवर गोड आवाजात सांगितलं, की असं पुन्हा झालं तर आम्हाला दुसरं कोणी बघावं लागेल.

म्हणून स्कूटर. एकशेपंचवीस सीसीची, सेकंडहँड, पोपटी हिरवी. त्यासाठी इथे एक दिवसाचं ट्रेनिंग लागतं. शिकवणाऱ्याने प्लॅस्टिकचे शंकू मांडून त्यांच्यातून आठचा आकडा काढायला सांगितलं. हिने काढला आणि थांबून विचारलं, "झालं? गायी नाही का ठेवत मध्ये?"

आता ती स्कूटर मोटरहोमच्या मागे न्यायची, तर रॅक हवा. इथे जयंत शिरला.

जयंत साठ्ये हा गुणी माणूस. दोष एकच, त्याला समजावून सांगायला आवडतं. त्याने चेसीला पोलादी रॅक बसवून घेतला, स्कूटर चढवायची फळी, चार पट्टे, मागचे दिवे झाकले जातात म्हणून दिव्यांची वेगळी पाटी. आणि एवढ्यावर न थांबता आमच्या मराठी मंडळाच्या उन्हाळी सहलीत, जेवणाच्या आधी, लॅपटॉप उघडून त्याने यावर भाषण दिलं. स्कूटर मागच्या चाकांच्या पलीकडे लोंबकळते, म्हणून सी-सॉसारखा परिणाम होतो. मागच्या एक्सलवर तिच्या वजनापेक्षा जास्त भार येतो, आणि गाडीचं नाक हलकं होतं. उपाय? जड सामान पुढे.

"म्हणून पीठ, तांदूळ, डाळी मी पुढच्या सीटांच्या मागे हलवल्या," तो म्हणाला. "एक्सल परफेक्ट."

आमचा शशिधर भुकेला होता, त्याने भाषण संपावं म्हणून विचारलं, "आणि हे पीठ-तांदूळ एकूण वजनात धरलंयस ना?"

"खाणं हे काय सामान आहे?" जयंत म्हणाला.

आणि मंडळी, आम्ही पंचवीस-तीस शिकलेली माणसं तिथे बसलो होतो, कोणालाच यात काही चुकीचं वाटलं नाही! आपल्याकडे सामान म्हणजे कपडे. खाणं ते खाणं. विमानाच्या काउंटरवर बॅग जड भरली की आपण म्हणतो, "अहो, त्यात फक्त लाडू आहेत."

सुचेताचं खाणं मी बघितलंय. कणकेची मोठी गोण, तांदळाची तेवढीच. तूरडाळ, ज्वारीचं पीठ, तेलाचा डबा, मिक्सर, दोन कुकर, लोखंडी तवा, शेंगदाणे, गूळ, आणि नागपूरचं तिखट. वेल्समध्ये दुष्काळ पडल्यासारखं.

दोन हजार सातचा तो रविवार. समुद्रकाठच्या एका वेल्श गावात फार्मासिस्टचं ऑपरेशन होतं आणि सोमवारपासून सुचेताला त्याचं दुकान सांभाळायचं होतं. सोमवारी गावातल्या म्हाताऱ्यांच्या आठवड्याच्या गोळ्यांच्या डब्या निघायच्या. दुसरं दुकान डोंगरापलीकडे. एजन्सीने बजावलं होतं, की सकाळी शटर वर गेलंच पाहिजे. कॅम्पसाइट गावापासून चार मैल, मध्ये अरुंद रस्ता, बस नाही. जयंतने आठवड्याची सुट्टी काढली होती. कशाला? रॅकवर लक्ष ठेवायला.

एम-फोरवर त्या दिवशी वजनाची तपासणी चालू होती. पिवळ्या जाकीटवाल्या अधिकाऱ्याने हात केला. सुचेताने सर्व्हिसेसच्या बाजूला गाडी काट्यावर घेतली.

"मागचा एक्सल बरोबर आहे," अधिकारी म्हणाला.

जयंतने बायकोकडे बघितलं. ते बघणं कसं असेल ते तुम्हाला कळलंच.

"पण एकूण बरंच जास्त आहे. एवढ्या वजनाने पुढे जाता येणार नाही."

आता गोम अशी, की सत्त्याण्णवनंतर ज्यांनी इथे गाडीचं लायसन्स काढलं त्यांना साडेतीन टनांच्या वर चालवताच येत नाही. आणि त्या घराची मर्यादाही तेवढीच. मागचं सामान पुढे नेलं तर एक्सल खूश होतो, एकूण वजन काही कमी होत नाही. हे जयंताला तिथे, काट्यावर, पिवळ्या जाकिटासमोर कळलं.

सुचेताने आधी पाण्याची टाकी सोडली. पाणी गटारात गेलं. पुन्हा काटा. अजून जास्त. मग कणिक, तांदूळ, तेल, कुकर, तवा, सगळं बाहेर. एक तिखटाचा डबा तिने आत ठेवला, त्यावर चर्चा नाही. पुन्हा काटा.

"अजून साधारण नव्वद किलो," अधिकारी म्हणाला. तोही बिचारा आता तिच्या बाजूने झाला होता. "बघा, आणखी काय काढता येईल?"

सुचेता मागे गेली. स्कूटरच्या पट्ट्यांना हात लावून बघितला. मग पुढे आली. जयंत आपल्या सीटवर बसून लॅपटॉप उघडत होता.

"अहो," ती म्हणाली. "उतरा."

"मी?"

"तुम्ही."

"अगं, मी काय पोतं आहे?"

"पोतं असता तर मघाशीच काढलं असतं ना! उतरा लवकर, मला उजेडात पोचाचं आहे. लॅपटॉप पण घ्या."

पुन्हा काटा. अधिकाऱ्याने अंगठा वर केला. मंडळातल्या श्रीनिवासला स्लाऊहून गाडी घेऊन यायला फोन झाला होता. सुचेताने हेल्मेटं मागच्या कोनाड्यात टाकली, एक तिचं, एक जयंतचं, आणि निघाली. यमुनाताई म्हणतात तिने मागे वळून बघितलं नाही. बघितलं होतं, आरशात. पण पट्टे.

त्याच क्षणी यमुनाताई कपातला चहा सांडत तिथे हजर.

"जयंता, अरे हे काय?"

आता या माणसाने खरं सांगायचं की नाही? पण महिन्याभरापूर्वी यमुनाताईंनी त्याच्या भाषणाला सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या होत्या. कुठल्या तोंडाने सांगणार? तो कुकर घट्ट धरून म्हणाला, "काही नाही, ताई. आमचं ठरवून चाललंय."

"कधी ठरलं?"

"आत्ताच."

झालं! ताईंनी श्रीनिवासचीही वाट पाहिली नाही. पार्किंगमधूनच मला फोन.

सोमवारी सकाळी पोपटी स्कूटर चार मैल गेली, शटर वर गेलं, गोळ्यांच्या डब्या निघाल्या. संध्याकाळी सुचेता तंबूतल्या शेजाऱ्यांना तिखट घातलेली ऑम्लेटं खाऊ घालत होती, तेवढ्यात मँचेस्टरहून स्वरालीचा फोन, इथे वाढलेल्या मुलांच्या मराठीत.

"आई, तू बाबाला सोडली? मंडळातल्या साकेतची आई सांगितली!"

"सोडलं ना. सर्व्हिसेसमध्ये. बरे आहेत. घरी पिठलं करून राहिले."

ऑपरेशनवाल्या फार्मासिस्टने पुढच्या उन्हाळ्यासाठी तिलाच मागून घेतलं. एजन्सीच्या बाईचा आवाज आता खरोखर गोड झाला. सुचेता दर दोन-तीन महिन्यांनी वेल्स, कॉर्नवॉल, कुठे कुठे जाते. शुक्रवारी संध्याकाळी जयंत ट्रेनने मागून पोचतो. स्टेशनावर हातात डबे घेऊन उभा असतो, ती स्कूटरवर येते, हेल्मेट देते, मागे बसवून नेते. अशा एका स्टेशनावर तो कोणाला तरी दिसला, आणि वेल्समनच्या कहाणीला नवा अंक जोडला गेला. मी कशाला थांबवू?

दिवाळीच्या फराळाला दोघं मंडळात एकत्र आले तेव्हा सगळ्यांच्या चकल्या हातातच राहिल्या. यमुनाताईंनी सुचेताला बाजूला घेऊन पाठीवरून हात फिरवला. "मिटलं ना गं सगळं?"

"काय मिटायचं होतं?"

"अगं, तू त्याला उतरवलंस…"

सुचेताने नवऱ्याकडे बघितलं. जयंत लॅपटॉप शोधत असल्यासारखं करू लागला. मग त्याचंच त्याला वाटलं असावं, की मिशावाल्या वेल्समनपेक्षा खरं बरं. घसा साफ करून त्याने सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

गाडीत वजन जास्त झालं होतं. सोमवारी कामावर जायला स्कूटर लागणार होती. जयंत लागणार नव्हता.