जड झालो ना?

लॉजमधल्या गाद्या उलटायच्या आणि चादरी बदलायच्या, हे वहिनींचं काम. मालकापासून वॉचमनपर्यंत सगळे त्यांना वहिनीच म्हणत. दुखणं अंगावर काढण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. कमरेत कळ आली की भिंतीला टेकत, पण तोंडातून ब्र नाही. एकदा मालकासमोरच अर्धी उचललेली गादी हातातून सुटली. महिनाअखेरपर्यंत कंबर धड झाली नाही तर दुसरी बाई बघतो, असं त्याने अगदी गोड आवाजात सांगितलं. गोड बोलणाऱ्यांची मला भीतीच वाटते.

सुनेने त्यांना जवळपास ओढतच फिजिओथेरपीवाल्या मुलीकडे नेलं. तिने एक खुर्ची उचलायला सांगितली. वहिनींनी उचलली.

"श्वास का कोंडलात?" मुलीने विचारलं.

वहिनींना पत्ताच नव्हता. मुलीने समजावलं, की त्या श्वास अडवून, पाठ वाकवून सगळा भार कमरेवर घेतात आणि पोटाचे स्नायू आयते बसून राहतात. मग तिने त्यांना पाठीवर झोपवलं, गुडघे मुडपायला लावले, पोटावर हात ठेवून सावकाश श्वास सोडायला शिकवलं. पुढे उभं राहून वाकणं आलं: वजन अंगाशी धरायचं, उचलताना श्वास सोडायचा. झोपून सगळं जमलं. पण हातात वजन आलं की घसा बंद.

कारण वहिनींना ठाऊक होतं. त्यांनी ते मुलीला सांगितलं नाही. दादा, म्हणजे त्यांचे यजमान, कित्येक वर्षं अंथरुणाला खिळून होते. गडी धिप्पाड. सुरुवातीला त्यांची कूस बदलताना वहिनींच्या तोंडून 'हुश्श' निघालं.

"जड झालो ना?" दादांनी विचारलं होतं.

वहिनी हसून नाही म्हणाल्या. त्यानंतर दादा कूस बदलू देईनात. बराय असाच, म्हणत. पाठीला जखम होऊन वास सुटला तेव्हा कळलं, ते 'बराय' वहिनींना भार नको म्हणून होतं. तेव्हापासून वहिनींनी त्यांना उचललं ते श्वास गिळून, आणि दादा प्रत्येक वेळी कान देऊन ऐकत.

दादा गेले, पण ते ऐकणं काही गेलं नाही. लॉजमधल्या कुठल्याही पलंगावर वाकलं, की पाठीमागे कुणीतरी कान टवकारून आहे असं वहिनींना वाटे. भर दुपारी अंगावर काटा येई. मागच्या खोलीतला दादांचा पलंग विकू या, असं सून म्हणाली की त्या भाजीचा विषय काढत.

महिना संपत आला. एका दुपारी घरात कुणी नसताना वहिनी मागच्या खोलीत गेल्या. दादांच्या गादीखाली हात घातले, गुडघ्यांत वाकल्या. श्वास पुन्हा कोंडला. गादीत दादांच्या अंगाचा खळगा अजून तसाच होता. खोली ऐकत होती.

वहिनींनी श्वास सोडला. चांगला मोठ्याने, अगदी पोटातून. गादी उचलली गेली.

सवयीने त्या प्रश्नाची वाट बघत राहिल्या. प्रश्न आला नाही. त्यांनी उत्तर मात्र दिलं.

"हो, जड होतात तुम्ही. फार जड होतात. म्हणून काय मी टाकलं असतं तुम्हाला?"

मग त्यांनी गादी उलटली. खळगा खाली गेला. पलंगाच्या कडेला बसून वहिनी पोटभर रडल्या, आणि तेव्हाही त्यांनी आवाज दाबला नाही.