विशेष काही नाही

चेन्नईत पेरुंगुडीच्या आमच्या ऑफिसात आम्ही चार मराठी टाळकी एकत्र डबा खातो, आणि प्रत्येकाकडे किश्श्यांचा साठा आहे. कोणाचा बॉसचा, कोणाचा सासूचा. माझा माझ्याच डोक्याचा. मला ओसीडी आहे. "म्हणजे तू फार टापटीप असशील," असं लोक म्हणतात. त्यांना माझं कपाट उघडून दाखवायला हवं, सगळं अंगावर येईल. माझं डोकं फक्त एका वाक्याला चिकटून बसतं: मला दिवस गेलेत. माझा नवरा निखिल चार महिन्यांपासून जर्मनीत आहे, हे त्या डोक्याला सांगून बघितलं. ऐकत नाही.

*

एकदा घसा पार बसला म्हणून कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गोळ्या आणायला गेले. तोंडातून शब्द फुटेना. दुकानदाराने मला बघितलं, न विचारता प्रेग्नन्सी टेस्टचं पाकीट काढलं, कागदात गुंडाळलं आणि म्हणाला, "ऑल द बेस्ट, मॅडम."

मी घशाकडे बोट दाखवलं. बिचारा ओशाळला. गोळ्या दिल्या आणि पाकीट परत घ्यायला हात पुढे केला.

मी दोन्ही घेऊन घरी आले.

*

ऑफिसात माझ्या शेजारी नाशिकची स्वाती बसते. तिला सगळं माहीत आहे. एकदा बसमधून उतरल्यावर मी तिला हळूच म्हटलं, "सीट गरम होती गं. आधी कोणीतरी पुरुष बसला असणार. त्याने काही होत नाही ना?"

"चेन्नईत मे महिन्यात गार सीट कुठे असते, ते सांग आधी," स्वाती म्हणाली. "आणि तसं होत असतं तर निम्मं पेरुंगुडी त्या सीटचंच निघालं असतं."

मी पोट धरून हसले. मग ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन टेस्ट केली.

*

निखिलला मी पहिल्यांदा फोनवर म्हटलं, "मी प्रेग्नंट आहे वाटतं," तेव्हा तो बिचारा पंधरा मिनिटं समजावत होता. दुसऱ्यांदा पाच. नंतर नंतर एकाच फोनवर मी आठ वेळा विचारायला लागले. शेवटी तो म्हणाला, "बरं, अभिनंदन. बाप म्हणून नाव तरी माझं लाव."

*

गंमत इथवर ठीक होती. पण एकदा क्लायंटचा कॉल सुरू असताना मी बाथरूममध्ये काडीवरची दुसरी रेघ शोधत बसले होते आणि मॅनेजरने मला त्या कामावरून काढलं. त्याहून वाईट म्हणजे आम्हाला पुढे खरंच मूल हवंय. हे असलं डोकं घेऊन मी आई कशी होणार, या विचाराने मी रडायचे. म्हणून डॉक्टरांकडे गेले.

बाई शांत आणि भलत्याच खट होत्या. "टेस्ट केल्यावर किती वेळ बरं वाटतं?"

"चहा निवेपर्यंत. मग वाटतं, काडीच खराब असेल."

"मग तीन आठवडे काडी बंद. कोणाकडून खात्री करून घेणंही बंद. डोकं म्हणालं, 'दिवस गेलेत', तर त्याला म्हणायचं, 'असेलही, नसेलही.' आणि हातातलं काम करायचं."

एवढ्यासाठी मी फी भरली होती.

*

स्वातीने हे फारच मनावर घेतलं. मी विचारायची खोटी, "स्वाती, मी नाहीये ना?" की ती कीबोर्डवरून मान न उचलता म्हणायची, "जुळी आहेत."

पहिल्या दिवशी मला रडू आलं. दुसऱ्या दिवशी मी तिच्याशी बोललेच नाही. आठव्या दिवशी मी म्हटलं, "नावं काय ठेवायची?"

"सांबार आणि रसम," स्वाती म्हणाली.

*

आमच्या घरमालकीण अक्का तंजावरकडच्या मराठी. पिढ्यान् पिढ्या तमिळ मुलखात राहिल्याने त्यांचे काही शब्द आपले वाटतात, पण नसतात. आमच्या सांगलीत "काय विशेष?" म्हणजे नुसतं, कसं काय चाललंय. अक्कांचं "विशेष" तमिळ वळणाचं, म्हणजे दिवस गेलेत का. हे मला ठाऊक नव्हतं तेव्हा प्रमोशनच्या आनंदात मी "आहे की, विशेष आहे" म्हणून बसले होते, आणि दुसऱ्या दिवशी अक्का केशराची डबी घेऊन दारात हजर.

तर, तिसरा आठवडा संपत आला होता. पाळी दोन दिवस लांबलेली, जीव टांगणीला. मी कैऱ्यांची पिशवी घेऊन जिना चढत होते. अक्कांनी आधी पिशवीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"विशेष आहे काय गे?"

अक्कांनाही कळलं, म्हणजे आहेच! मेडिकल दोन मिनिटांवर होतं. मी कठडा घट्ट धरला आणि म्हटलं, "असेलही, नसेलही, अक्का."

आणि वर चढायला लागले. मोठा गड जिंकल्यासारखं वाटत होतं. चार पायऱ्यांनंतर मागून आवाज आला.

"अगे, पण निखिल चार महिने जर्मनीस न?"

मी वळले. खुलासा करायला तोंड उघडलं. पण खुलासा करायचा म्हणजे "तसं काही नाही" म्हणायचं, आणि त्यांच्याकडूनही ते वदवून घ्यायचं. तेच तर बंद होतं. मी तोंड मिटलं.

अक्का चार पायऱ्या चढून वर आल्या, माझा हात हातात घेतला आणि अगदी हळू म्हणाल्या, "भिऊ नको. मी कोणास सांगायची नाही. निखिलासही नाही."